बेळगाव सीमाभागातील ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी कायदेशीर मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत ज्येष्ठ आणि दिव्यांग माणसांना तहसीलमध्ये, असिस्टंट कमिशनरच्या (एसी) ऑफिसात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सोबत करणारे आम्ही विधी स्वयंसेवक आहोत. आमच्याकडे तेच ते प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. सही होऊन गेलेली असते, घराचा ताबा गेलेला असतो किंवा अपिलाची मुदत टळलेली असते. थोडं आधी वाचलं तर निम्मी धावपळ वाचेल, म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

तुम्ही नेमकं कोणाच्या बाजूने बोलता?

ज्याचं काम आहे त्याच्या. आजोबांचा अर्ज असेल तर आजोबांच्या, दिव्यांग मुलीचा असेल तर त्या मुलीच्या. सोबत आलेला मुलगा, भाऊ, मेहुणा कितीही तळमळीचा असला तरी पहिलं बोलणं आम्ही ज्येष्ठाशी एकट्याने करतो. त्या वेळी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगतो. याचा काहींना राग येतो. पण मुलासमोर आई "सगळं बरं आहे" म्हणते आणि तो बाहेर गेला की दोन मिनिटांनी वेगळंच सांगते, हे आम्ही वरचेवर पाहतो.

"त्यांना काही कळत नाही, मीच सांगतो" हे वाक्य तर रोजचं. ऐकू कमी येणं, बोलायला वेळ लागणं, नाव विसरणं याचा अर्थ समज गेली असा होत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १३ नुसार दिव्यांग माणसाला मालमत्ता ठेवण्याचा, आपले पैशाचे व्यवहार आपण पाहण्याचा आणि कायद्यापुढे इतरांइतकाच गणला जाण्याचा हक्क आहे. आमचं काम इतकंच, की त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत योग्य टेबलापर्यंत पोचावं. आम्हाला त्याचा निर्णय पटला नाही, तरीही.

वकील मोफत मिळतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि लहान मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे कुठल्याही आजीला उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय तो मिळायला हवा. बाकीच्या पुरुष ज्येष्ठांना राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागते.

बेळगावात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. नेमलेला वकील तारखेला येत नसेल, नीट बोलत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो. मोफत वकील मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा तक्रार करताना संकोच नको.

मुलगा बघत नाही. या वयात त्याच्यावर केस करायची का?

करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण पोटगी मागणं म्हणजे वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहणं, ही भीती मनातून काढून टाका. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण आणि कल्याण कायदा २००७ मध्ये आला तो यासाठीच. साठ वर्षांवरच्या कुणालाही या कायद्याखाली अर्ज करता येतो. आई-वडिलांना तर साठ पूर्ण असण्याचीही अट नाही, आणि सावत्र किंवा दत्तक घेणारे आई-वडीलही त्यात येतात.

अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा. आपल्याकडे हे काम असिस्टंट कमिशनर पाहतात, आणि जिल्ह्यात बेळगाव, चिक्कोडी, बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत. निपाणीकरांना चिक्कोडीला जावं लागतं. अर्जात तुमचं उत्पन्न, औषधपाण्याचा खर्च, मुलं कोण-कोण आणि काय करतात हे लिहायचं. स्वतः लिहिता येत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

प्रकरण सहसा आधी समेट अधिकाऱ्याकडे जातं आणि त्यांना एका महिन्यात अहवाल द्यावा लागतो. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. मात्र तडजोड लिहिली जाताना डोळे उघडे ठेवा. "मुलगा आई-वडिलांची काळजी घेईल" अशा वाक्यावर सही करू नका. दर महिन्याच्या कुठल्या तारखेला, किती रुपये, कुठल्या बँक खात्यात, दवाखान्याचा खर्च कोण देणार, राहायला कुठली खोली, हे सगळं त्यात आलं पाहिजे. पालनपोषण म्हणजे जेवण, कपडे, निवारा आणि औषधोपचार, अशी कायद्यातच व्याख्या आहे.

समेट झाला नाही तर मुलांना नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपवाद म्हणून एकदाच ३० दिवस वाढवता येतात. अर्ज चालू असताना अंतरिम रक्कमही मागता येते. ती अर्जातच मागून ठेवा. बरेच जण मागतच नाहीत आणि तीन महिने उसनवारीवर काढतात.

किती रुपये मिळू शकतात?

या कायद्याखाली दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये. मुलगा मोठ्या पगारावर असेल आणि तुमचा औषधांचाच खर्च त्याहून जास्त असेल, तर दुसरी वाट आहे. पूर्वी जे फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. तिथे रकमेला वरची मर्यादा नाही, पण काम कोर्टात चालतं आणि वेळ लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी मागता येत नाही, एक निवडावं लागतं. हातावर पोट असलेल्यांना आम्ही बहुधा न्यायाधिकरणाकडेच जायला सांगतो.

मुलगा पुण्यात, धाकटा गोव्यात. आम्ही खानापूर तालुक्यात. अर्ज कुठे?

तुम्ही राहता तिथे. आई-वडील जिथे राहतात, आधी जिथे राहत होते, किंवा मुलं जिथे राहतात, यांपैकी कुठल्याही ठिकाणी अर्ज करता येतो. कायदा केंद्राचा आहे, महाराष्ट्रात आणि गोव्यातही तोच चालतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाने पावसात घाट उतरून मुलाच्या गावी जायची काही गरज नाही. राज्य वेगळं म्हणून अर्ज घेता येत नाही असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा.

मुलगी सासरी आहे. तिच्याकडूनही मागता येतं? सून, जावई?

मुलगा, मुलगी, नातू, नात, सज्ञान असतील तर सगळ्यांवर जबाबदारी आहे. सून आणि जावई या व्याख्येत नाहीत.

मूलबाळ नाही. पुतण्या शेत कसतो, पण विचारत नाही.

ज्याला मूल नाही त्या ज्येष्ठासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. तुमची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे, किंवा तुमच्यामागे वारसाने ज्याला मिळणार आहे, असा सज्ञान नातेवाईक तुमच्या पालनपोषणाला बांधील आहे. वारस एकापेक्षा जास्त असतील तर ज्याला जितका हिस्सा मिळणार, त्या प्रमाणात त्याने खर्च उचलायचा.

घर मुलाच्या नावावर करून दिलं. आता तो राहू देत नाही. परत मिळेल का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर तुमच्या कागदात काय लिहिलंय यावर ठरतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं, की ज्येष्ठ माणसाने कायदा लागू झाल्यानंतर बक्षीसपत्राने किंवा इतर रीतीने मालमत्ता दिली, देताना "माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात" अशी अट होती आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं मानून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं.

सगळा जोर "अट" या शब्दावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं मुलगा बघत नाही एवढ्यावर कलम २३ लागत नाही. तिथे कागद हक्कसोडपत्राचा होता. पुढे २ जानेवारी २०२५ ला ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. आईने बक्षीसपत्र दिलं त्याच दिवशी मुलाने सांभाळ करण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं. ते लक्षात घेऊन बक्षीसपत्र रद्द झालं आणि न्यायाधिकरण ताबाही परत द्यायला सांगू शकतं हे स्पष्ट झालं.

तेव्हा हताश होऊ नका आणि सगळे कागद शोधून आणा. मुख्य दस्तात अट नसली तरी त्या वेळचं एखादं वचनपत्र, पंचांसमोर लिहिलेला कागद उपयोगी पडू शकतो. नोंदणी न करता तहसीलला वर्दी (नावं बदलण्याची लेखी सूचना) देऊन वाटणी केली आणि उताऱ्यावर मुलांची नावं चढली, अशी प्रकरणं आपल्याकडे खूप. तिथे वर्दीची नक्कल काढावीच लागते.

अजून सही केलेली नसेल, तर सही करण्याआधी एकदा आमच्याकडे किंवा प्राधिकरणात या. दस्त कानडीत असेल तर मराठीत वाचून घ्या, आणि तो ज्याला घर मिळणार आहे त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आणि "वरील मिळकत घेणाऱ्याने आमच्या हयातीत आमचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पाहावयाचे आहेत, न पाहिल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे" या अर्थाचं कलम दस्तातच घाला. मुलगा चांगला आहे, असं लिहिलं तर त्याला वाईट वाटेल, हे आम्हाला पुष्कळजण सांगतात. चांगल्या मुलाला या ओळीचा काही त्रास होत नाही.

मग बक्षीसपत्र करावं की मृत्युपत्र?

आमचं मत विचाराल तर मृत्युपत्र. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी लगेच जाते. मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं, आणि शुद्धीत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. त्याला नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार असे निवडा की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. नोंदणी केली तर पुढची भांडणं कमी होतात.

कुलमुखत्यारपत्र देताना जपून. "बँकेच्या कामासाठी" म्हणून दिलेल्या कागदात विक्रीचा अधिकारही घातलेला सापडतो. कुठल्या कामासाठी आणि किती मुदतीसाठी, हे मोजून लिहा.

आजोबांना उठवत नाही आणि सब-रजिस्ट्रार ऑफिस वरच्या मजल्यावर. उचलून न्यायचं का?

नको. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३१ आणि ३८ खाली आजारी किंवा अपंगत्वामुळे येऊ न शकणाऱ्या माणसाच्या घरी येऊन अधिकारी दस्त नोंदवू शकतात किंवा त्याची जबानी घेण्याची व्यवस्था करू शकतात. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज द्यावा लागतो आणि ठराविक शुल्क भरावं लागतं. खुर्चीत बसवून चौघांनी जिना चढवायचा, वर गेल्यावर सर्व्हर डाऊन म्हणून परत उतरवायचं, हे हाल अगदी टाळता येण्यासारखे आहेत.

अर्ज मराठीत दिला तर घेतील का? काउंटरवर "कन्नडदल्ली बरकोंड बन्नी" (कानडीत लिहून आणा) म्हणतात.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. त्यामुळे मराठी अर्ज नाकारणं बरोबर नाही. १९५६ पासून या भागातला माणूस हा मुद्दा मांडत आला आहे, आणि तो सोडू नये असंच आमचं म्हणणं आहे.

तरीही ज्या आजीला या महिन्यात औषधं घ्यायची आहेत, तिचा अर्ज भाषेच्या वादात अडकू नये म्हणून आम्ही मराठी अर्जाला कानडी भाषांतर जोडतो. वर मराठी, खाली कानडी, दोन्हींवर सही, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. भाषांतर आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. न्यायाधिकरणासमोर बोलताना मराठीत बोला. समोरच्या अधिकाऱ्यांना कळत नसेल तर दुभाषा मागा आणि नोंद काय झाली ते परत मराठीत वाचून दाखवायला सांगा. "घरात ठेवतो पण बोलत नाही" याचं नोंदीत "घरात ठेवतो" एवढंच उरलं, तर सगळा अर्थच पालटतो.

माहिती अधिकारात मात्र नियम थोडा वेगळा. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. कानडी येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

मशीनवर बोटाचा ठसाच उमटत नाही. रेशन आणि पेन्शन अडली आहे.

निपाणीत हा त्रास घरोघरी. ज्या बायकांनी उभा जन्म विड्या वळल्या, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा तंबाखूने आणि पानं कापणाऱ्या कात्रीने पुसून गेल्या आहेत. एका आजींसोबत आम्ही रांगेत होतो. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि काचेवर ठेवला, लाल दिवा लागला. मशीनवरच्या मुलाने काच पुसली, दुसरं बोट ठेवायला सांगितलं, पुन्हा लाल. दहाही बोटं झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी खोटी हाय व्हय रे?" मागच्या रांगेतलं कुणीच काही बोललं नाही.

ठसा जुळत नाही म्हणून लाभ नाकारायचा नसतो. डोळ्यांची बुबुळं, चेहऱ्याची ओळख किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी असे दुसरे मार्ग आहेत. आधी आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक नव्याने करून घ्या आणि चालू मोबाईल नंबर जोडून घ्या. त्यानंतरही अडलं तर "ठसा जुळत नाही म्हणून लाभ नाकारला" असं लिहून तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या. तोंडी तक्रारीला कुठलीच नोंद राहत नाही. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठीही आता चेहऱ्यावरून ओळख चालते, आणि पोस्टमन घरी येऊनही तो दाखला करून देतो.

संध्या सुरक्षा पेन्शन बंद पडली. का, ते कोणी सांगत नाही.

संध्या सुरक्षा ही कर्नाटकाची ६५ वर्षांवरच्यांसाठीची योजना आहे, दरमहा १,२०० रुपयांची. पेन्शन बंद पडण्याची कारणं बहुधा क्षुल्लक निघतात. आधार बँक खात्याला जोडलेला नसतो, आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव वेगळं असतं, किंवा गावात पडताळणीला माणूस आला तेव्हा आजी लेकीकडे गेलेली असते आणि "राहत नाही" असा शेरा पडतो. मराठी नावं कानडीत लिहून पुन्हा इंग्रजीत गेली की पाटीलचं काय होईल सांगता येत नाही.

नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, जाऊन बंद होण्याचं कारण लेखी मागा. महसूल खातं पेन्शन अदालत भरवतं, तिथे जागेवर दुरुस्ती होऊ शकते. तारीख ग्रामपंचायतीत आणि तलाठ्यांकडे कळते.

दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) कसं काढायचं? कोल्हापूरला काढलेला दाखला इथे चालतो का?

चालतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८ नुसार दाखला देशभर वैध आहे. नवा काढायचा असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे बिम्समध्ये, तपासणीला जायचं. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. टक्केवारी कमी लागली असं वाटत असेल तर त्याविरुद्ध अपील करता येतं.

२०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पूर्वी सातच होते, त्यामुळे सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित, अध्ययन अक्षमता असलेली मुलं यांच्या घरच्यांना आपण यात येतो हेच माहीत नसतं. गावात ग्रामपंचायतीकडे पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तो सहसा स्वतः दिव्यांग असतो. अर्ज भरायला आधी त्याला गाठा.

आम्ही दोघं सत्तरीत आहोत. मतिमंद मुलगा चाळीशीचा. आमच्यामागे त्याचं कोण?

बरेच आई-वडील दुसऱ्याच कामासाठी येतात आणि उठता उठता हे विचारतात. त्याला चार बाजू आहेत, आणि सगळ्यांचं काम तुम्ही हयात असतानाच सुरू करावं लागतं.

एक म्हणजे पालकत्व. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. अर्ज आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ही अट ऐकून नातेवाईक मागे सरतात. सरू द्या, ते आत्ताच कळलेलं बरं. इतर प्रकारच्या दिव्यांगत्वात, गरज असेल तरच, २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व मिळतं. त्यात पालक त्या माणसाच्या मताने, त्याच्याबरोबर बसून निर्णय घेतो.

पैसा ही दुसरी बाजू. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत किंवा सैन्यात असतील, आणि मराठा लाईट इन्फंट्रीच्या या गावात अशी घरं पुष्कळ आहेत, तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव आणि दिव्यांगत्व पेन्शनच्या कागदात वडील हयात असताना नोंदवा. माजी सैनिकांना हे स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत करावं लागतं. वडील गेल्यावर हेच काम करायला आई एकटी किती दारं ठोठावते, ते आम्ही पाहतो. राज्याचं दिव्यांग वेतन ४० टक्क्यांपासून मिळतं, ७५ टक्क्यांच्या वर रक्कम वाढते. आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत उपचारासाठी एक लाखापर्यंतचं विमाकवच आहे.

मग घर. मुलाच्या नावावर थेट सगळं करण्यापेक्षा मृत्युपत्रात त्याचा राहण्याचा हक्क, खर्चाची सोय आणि ती पाहणारी माणसं लिहा, किंवा खासगी विश्वस्त निधी करा. यासाठी वकिलाबरोबर एक पूर्ण दुपार बसा.

चौथी बाजू कुठल्याच कायद्यात नाही. त्याला काय आवडतं, तो कशाने घाबरतो, कुठलं औषध किती वाजता, रात्री दिवा लागतो का, एकटा कुठवर जाऊ शकतो, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. आणि मुलालाच विचारा, कोणाकडे राहायला आवडेल. तो उत्तर देतो. खूप घरांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला जातो.

घरात मारहाण होते. पोलिसांत गेलं तर ठाण्याला खेटे घालावे लागतील?

तातडीला ११२. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि महिलांसाठी १८१. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. घटना सीमेपलीकडे चंदगड किंवा गडहिंग्लजला घडली असली तरी इथे हद्द न पाहता शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवून त्या ठाण्याकडे पाठवावी लागते. साठ वर्षांवरच्या माणसाला, कुठल्याही स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांनी घरी येऊन विचारपूस करायची असते. फोन आला तर हे नम्रपणे सांगा, कलमाचा आकडा सांगितला की सूर बदलतो.

आई, सासू, मोठी बहीण यांना २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचाही आधार आहे, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सुनेविरुद्धही तक्रार करता येते. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडेही दाद मागता येते, आणि ही तक्रार शेजाऱ्यानेही करावी असं कायद्याला अपेक्षित आहे.

सून म्हणते, घर माझंही आहे. तिला बाहेर काढता येईल?

सहजासहजी नाही, आणि नुसतं तिला काढण्यासाठी कुणी ज्येष्ठांच्या कायद्याचा उपयोग करू पाहत असेल तर आम्ही त्यात पडत नाही. २०२० मध्ये बंगळूरच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा सासरच्या घरात राहण्याचा हक्क मोडता येणार नाही, तो आणि घरगुती हिंसाचाराचा असे दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. पुष्कळदा मुलगा मागे राहून आई-वडिलांना पुढे करतो. अशा घरात म्हातारी माणसं आणि सून दोघंही भरडली जातात.

दवाखान्यात दाखल करून नातेवाईक निघून गेले. आता?

सोडून देण्याच्या इराद्याने ज्येष्ठाला कुठेही टाकून जाणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आपल्यापासून दूर नाही. २०२५ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनी बेळगावच्या बिम्समध्ये दीडशेहून जास्त ज्येष्ठांना असं सोडून दिल्याचं सांगितलं होतं आणि रुग्णालयांनी असिस्टंट कमिशनरकडे तक्रार करावी अशी सूचना दिली होती. तुम्हाला वॉर्डात असं कुणी दिसलं तर १४५६७ ला कळवा.

"डिजिटल अरेस्ट"चा फोन आला, पैसे गेले.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. तासाभरात कळवलं तर पैसे गोठवण्याची शक्यता जास्त असते. पोलीस म्हणून सांगून फोनवरच अटक करायची, असा प्रकार कायद्यात नाहीच.

निकाल लागला, पण मुलगा पैसे देत नाही.

रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे वसुलीचा अर्ज द्या. ही मुदत महत्त्वाची आहे, ती उलटली की त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. वॉरंटनंतरही दिली नाही तर एक महिन्यापर्यंत किंवा पैसे देईपर्यंत कैद होऊ शकते. निकालच मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे जा. त्यापुढे उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. तिथेही मोफत वकील मिळतो.

तुमच्याकडे येताना काय आणायचं?

आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलं, जागेचे जे काही कागद असतील ते, जुने असले तरी. मोडी लिपीतले कागदही टाकू नका, वाचणारी माणसं इथे आहेत. दस्ताचा फोटो मोबाईलवर असेल तर तो चालतो, मुलाकडून मूळ कागद मागून घरात वाद घालू नका, नक्कल सब-रजिस्ट्रारकडून काढता येते. चष्मा आणि कानाचं यंत्र आठवणीने आणा. काहीच कागद नसेल तरी या, पहिल्या दिवशी आम्ही फक्त ऐकून घेतो. चालता येत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येतो.